चौदा पूर्ण

८ फेब्रुवारी

धाकट्या,

फोनवर आपलं भांडण होतं आणि मग तू "आत बोलावतायत" म्हणून ठेवून देतोस. म्हणून लिहायला बसले. पत्राला मध्येच कुणी आत बोलावत नाही.

निकाल तुला कळलाच असेल. तीन वर्षं. माझ्या दादूचा जीव घेतला त्याला तीन वर्षं, तीही तुरुंगात नाही, तुझ्यासारख्या कुणाच्या तरी सुधारगृहात. सकाळी दूध, दुपारी सुतारकाम, संध्याकाळी व्हॉलीबॉल. बसच्या रांगेत धक्का लागला, एवढंच निमित्त. दादू सतराचा, तो पंधराचा. पण चाकू खिशात होता ना? म्हणजे घरून निघताना तो घेऊनच निघाला होता. रुमाल घ्यावा तसा. मग त्याला पोर कशाला म्हणायचं?

निकाल वाचत होते तेव्हा मी त्याच्याकडे बघत होते. तो हसला. हे म्हणतात तुला भास झाला. मला भास झाला नाही. रोज लोकांचे डोळे तपासते मी, माझे काही अधू झालेले नाहीत.

कायद्यानं त्याचं नाव कुणी छापायचं नाही, फोटो छापायचा नाही. का, तर त्याचं पुढचं आयुष्य आहे. आमच्या दादूचं नाव मात्र फोटोसकट छापून झालं. त्याला पुढचं आयुष्य नाही, तेव्हा हरकत कोण घेणार?

आता कामाचं. आम्ही पाचसात घरांनी मिळून समिती केली आहे. अशीच घरं, आमच्यासारखी. मागणी एकच: खुनासारखा गुन्हा असेल तर चौदा पूर्ण झालेल्याला मोठ्यांच्या कोर्टात उभं करा आणि मोठ्यांची शिक्षा द्या. एकदोघांना जन्मठेप झाली की बाकीचे चाकूला हात लावताना दहादा विचार करतील. तू इतकी वर्षं त्या पोरांत काढलीस, अधीक्षक आहेस, तुझ्या शब्दाला वजन आहे. तू एवढंच लिहून दे की ह्या पोरांना कशाचीही भीती राहिलेली नाही. सख्खा भाऊ असताना परक्यांच्या पायऱ्या झिजवायची वेळ माझ्यावर आणू नकोस.

आणि मायेची भाषा मला शिकवू नकोस. अण्णांच्या पट्ट्यानं तुझी पाठ सोलून निघाली म्हणून तू माणसात आलास. नाहीतर तूही कुठल्यातरी सुधारगृहात असतास, आणि खुर्चीच्या पलीकडच्या बाजूला.

तुझी ताई


२१ फेब्रुवारी

ताई,

तुझं पत्र आठवडाभर खणात होतं. खण उघडायचा, बघायचं, बंद करायचा, असं चाललं होतं.

पोरांना भीती नाही हे खरं आहे. तसं लिहूनही देईन. पण त्याच्या पुढचं वाक्यही वाचून दाखवणार असाल तर. मी इथं येणाऱ्या प्रत्येकाला, जरा रुळला की, विचारतो: हात उचललास तेव्हा पकडले जाऊ, शिक्षा होईल, असं काही मनात आलं का? त्या दिवशी वारा कुठल्या दिशेनं वाहत होता असं विचारल्यासारखी बघतात माझ्याकडे. एक म्हणाला, "सर, मला वाटलं आता सगळे मला हसणार." दुसरा म्हणाला, त्यानं मारायच्या आत मी मारलं. त्यांना दोन वर्षं आणि वीस वर्षं ह्यांतला फरक कळत नाही, कारण त्या घटकेला त्यांच्यापुढे उद्या सकाळसुद्धा नसते.

तुझ्याशी खोटं बोलायचं नाही, म्हणून हेही सांगतो. एक जण असाही होता की ज्याला मोठ्या पोरांनी सांगितलं होतं, तू लहान आहेस, तू कर, तुला दोनच वर्षं पडतील. त्याला हिशेब ठाऊक होता. असा मला एकच भेटला, पण भेटला.

अण्णांच्या पट्ट्याचं म्हणशील, तर मार खाऊन मी उचलेगिरी सोडली नाही, सापडणं सोडलं. मी माणसात आलो असेन तर ते तू माझ्या पाठीला तेल लावायचीस आणि लावताना शिव्या घालायचीस, त्यामुळे.

इथं एक नवा मुलगा आलाय. बोलत नाही, म्हणून बाकीच्यांनी त्याचं नाव गप्प्या पाडलंय. त्याला स्वयंपाकघरात काम दिलं तर सुरीला हात लावेना. आचाऱ्यानं आधी दटावलं, मग नाद सोडला. आता तो पालेभाजी बोटांनी तोडत बसतो, एकेक पान, आणि दार आपटलं की भिंतीला चिकटतो. त्यानंही खूनच केलाय. अशा पोराला अजून वीस वर्षं डांबून कोण शहाणं होणार, तू सांग.

भावोजींना नमस्कार. दादू गेल्यापासून गप्प झालेली चिमी बोलायला लागली का? तिला सुट्टीत इकडे पाठव, मामाकडे जरा बदल होईल.

धाकटा


६ मार्च

धाकट्या,

चिमी बोलते, पण कामापुरतं. मीठ दे, किल्ली दे. भावाच्या खोलीत जात नाही आणि आम्ही गेलो तर उंबऱ्याशी उभी राहते, पहाऱ्याला ठेवल्यासारखी. तुझ्याकडे पाठवायची नाही. ज्या आवारात तसली पोरं आहेत तिथं मी माझी उरलेली पोर पाठवीन, असं तुला वाटलंच कसं?

परवा मोर्चा झाला. किती माणसं आली असतील ते मला सांगता येणार नाही, पण आमच्या रस्त्याच्या ह्या टोकाला उभं राहिलं तर ते टोक दिसत नव्हतं. दोन शाळांनी मुलं पाठवली होती, गणवेशात, रांगेनं. दादूचा फोटो लावलेले फलक त्यांच्या हातांत होते. मला भाषण करायला लावलं. आयुष्यात पहिल्यांदा ध्वनिक्षेपकापुढे उभी राहिले. तुझं उदाहरण सांगितलं आणि एकदम बळ आलं. म्हटलं, माझा सख्खा भाऊ ह्याच खात्यात अधिकारी आहे. त्याला एका पोरानं तोंडावर सांगितलंय, मी लहान आहे म्हणून मला दोनच वर्षं पडतील हे मला ठाऊक होतं. दुसऱ्या दिवशी तेच वाक्य मथळ्यात आलं.

तू रागावशील. रागाव. ते वाक्य मी माझ्या पदरचं घातलेलं नाही.

तुझ्या त्या गप्प्याबद्दल वाचलं. खोटं कशाला बोलू, वाईट वाटलं. पालेभाजीचं वाचून तर हातातलं काम थांबलं. पण त्याचं वेगळं, धाकट्या. त्याला केल्या गोष्टीची बोच आहे. अशाला सोडलं तरी मी रस्त्यात आडवी पडणार नाही. आमच्यावाल्याला तसलं काही नाही. तो हसला होता. तुझी चूक हीच होते, एका गप्प्याकडे बघून तू सगळ्यांनाच पदराखाली घेतोस.

मोर्चाचा फोटो मोठा करून, फ्रेम लावून दुकानात टांगलाय. गिऱ्हाईक बसल्या बसल्या बघतं. दादू तेवढाच लोकांत राहतो.

तुझी ताई


२ एप्रिल

ताई,

रागावलो होतो. वरिष्ठांनी बोलावून खुलासाही मागितला, कुठल्या मुलानं कधी सांगितलं वगैरे. तो मुलगा आता इथं नाही, त्यामुळे निभावलं. पण शंभरातलं एक वाक्य उचललंस आणि नव्याण्णव माझ्याजवळच ठेवलीस, एवढं तरी मान्य कर.

हे लिहून मग वाटलं, मीही काय वेगळं करतो? तुला मी गप्प्याचं लिहिलं. आमच्या सुताराचं नाही लिहिलं. इथं सुतारकामात इतका हुशार होता की तेच नाव पडलं. त्याच्या सुटकेच्या शिफारशीवर माझी सही आहे. मी त्याला दुकानात कामाला लावून दिलं, पहिल्या दिवशी स्वतः सोडायला गेलो. गेल्या पंधरवड्यात त्यानं शेजाऱ्याशी पाण्यावरून वाद घातला आणि पटाशी मारली. त्या माणसाचा एक डोळा गेला. मी दवाखान्यात भेटायला गेलो होतो. त्याच्या बायकोनं मी कोण म्हणून विचारलं. मी सांगितलं. तिनं माझ्यापुढची खुर्ची उचलून बाहेर नेऊन ठेवली.

तेव्हा माया केली की पोरं सुधारतात असं मी छातीठोकपणे म्हणत नाही. काही सुधारतात. कुठली, ते मला आधी ओळखता येत नाही. धाक दाखवून सुधारतात हेही मी पाहिलेलं नाही. मला कळतं ते इतकंच, आणि त्यावर मोर्चा निघत नाही.

तुला आणखी एक सांगायचंय. लिहायला घेतो आणि पेन थांबतं. भेटीत सांगेन.

धाकटा


१४ जून

अधीक्षक साहेबांस,

कायदा झाला. काल मंजूर झाला. चौदा पूर्ण. आमच्या दुकानात लोक हार घेऊन आले होते. मी दादूच्या फोटोला घालायला उठले, तेवढ्यात एका वार्ताहरानं फोन केला. अभिनंदन केलं आणि विचारलं, ज्या सुधारगृहात तुमच्या मुलाचा मारेकरी आहे तिथले अधीक्षक तुमचे सख्खे भाऊ आहेत, हे खरं का?

मी नाही म्हटलं. ठामपणे नाही म्हटलं. वर त्यालाच झापलं, की असलं काही छापाल तर याद राखा.

मग ठेवला फोन आणि तुझी पत्रं काढली. बोलत नाही. नवा आलाय. त्यानंही खूनच केलाय.

त्याच्यासाठी माझ्या हातातलं काम थांबलं होतं. माझ्याकडून तू हे करून घेतलंस. माझ्याच तोंडून वदवलंस की त्याला सोडलं तरी चालेल. परक्यानं गळा कापला तर एक वेळ कळतं. आपल्या माणसानं तोच गळा कुरवाळत कुरवाळत...

आजपासून मला भाऊ नाही. चिमीलाही सांगितलंय.


२० जून

ताई,

तू वाचशील की फाडशील माहीत नाही. तरी लिहितो.

तो निकालानंतरच्या आठवड्यात आला. कुणाला कुठं पाठवायचं हे वरून ठरतं. हा माझ्या भाच्याचा मारेकरी आहे, मला इथं नको, असं एका ओळीत कळवलं असतं तर त्याला दुसरीकडे हलवलं असतं. मी कळवलं नाही. पहिल्यांदा कळवलं नाही ते वाईट हेतूनं. मला तो माझ्या हातात हवा होता.

पहिल्या दिवशी मी त्याला खोलीत बोलावलं, दार लावलं आणि थोबाडीत मारली. एक नाही. इतक्या वर्षांत मी इथं कुणावर हात टाकला नव्हता. दादूला खांद्यावर घेऊन जत्रा दाखवलेला हात तो, दुसरं काय सांगू. तो पोरगा ओरडला नाही. त्याचं तोंड ताणलं गेलं, दात दिसायला लागले, गाल वर गेले. मला वाटलं हा हसतोय, म्हणून मी आणखी मारलं. मग त्याची चड्डी ओली झालेली दिसली. भीतीनं त्याचं तोंड तसं होतं, ताई. कोर्टात तू बघितलंस ते हेच. पुढं त्याच्या आजीनं सांगितलं, बाप मारायला उठला की लहानपणापासून ह्याचं असं होतं, आणि हसतोस काय म्हणून बाप जास्त मारायचा.

ह्यानं दादू परत येत नाही, मला कळतं. त्याला आयुष्यभर मार बसला होता आणि त्याच्या खिशात चाकू होता, एवढंच मी बघितलं. माराचा धाक लागू पडायचा असता तर ह्याला सगळ्यांत आधी लागू पडला असता.

तुला फसवून काही वदवून घ्यावं असं मनात नव्हतं. तुला सांगवत नव्हतं आणि तुझ्यापासून लपवून राहवतही नव्हतं, म्हणून अर्धं सांगत राहिलो. अर्धं सांगणं पुऱ्या खोट्यापेक्षा वाईट, हे आता कळून काय उपयोग.

मारल्याचं मी खात्याला लिहून कळवलंय. त्याची आणि माझी ताटातूट करा असंही लिहिलंय. बघू काय करतात.

धाकटा


९ जानेवारी

धाकट्या,

तुझं जूनचं पत्र फाडलं नव्हतं. वाचलंही नव्हतं. काल वाचलं.

इथं जे झालं ते तुझ्या कानावर आलं असेल, पण छापून येतं ते सगळंच नसतं, म्हणून सांगते.

आमच्या कोपऱ्यावर इस्त्रीवाली बसते. तिचा एकुलता एक, सोळा वर्षांचा, कपड्यांचे गठ्ठे सायकलवरून घरोघर पोहोचवायचा. आमच्याकडेही यायचा. त्याच्या शाळेत एक मुलगा आहे, जाड भिंगाचा, माझ्याच दुकानातला चष्मा. भिंगं काढली की त्याला हाताची बोटं मोजता येत नाहीत. वर्गातली मुलं त्याचा चष्मा हिसकावून झेलाझेली करायची. रोजचंच होतं, मास्तरांना माहीत होतं, सगळ्यांना माहीत होतं. त्या दिवशी शाळेमागं बांधकामाच्या ढिगाऱ्यापाशी तेच चाललं होतं. चष्मेवाल्याच्या एका दोस्तानं, बारा वर्षांचं पोर ते, ह्याच्या हातात लोखंडी सळई दिली. दिसत तर काही नव्हतं. जो सगळ्यांत जवळून हसला त्याच्यावर ह्यानं ती घातली. चष्मा इस्त्रीवालीच्या पोराकडे नव्हताच. तो सायकल धरून नुसता उभा होता.

पोलिसांनी सगळ्यांत आधी जन्माचा दाखला मागवला. ऑक्टोबरात चष्मेवाल्याला चौदा पूर्ण झालीत.

इस्त्रीवाली तेराव्याच्या आतच दुकानात आली. गिऱ्हाईक होतं, ती बाकावर बसून राहिली. मग माझे दोन्ही हात धरले आणि म्हणाली, "तुमच्यामुळं तो आता सुटत नाही. तुमचे उपकार झाले." हात इस्त्रीनं भाजून भाजून कडक झालेले. मला वाटलं होतं की हे कुणीतरी म्हणेल तेव्हा दादूच्या जिवाचं सार्थक होईल. तिनं म्हटलं आणि मी हात सोडवून घेतले. आत जाऊन नळ सोडून उभी राहिले.

बाहेर आले तर ती भिंतीवरचा मोर्चाचा फोटो बघत होती. तिला काही कळलं नाही. मला कळलं. दुसऱ्या रांगेत, डावीकडे, दादूचा फलक धरून तोच चष्मेवाला आहे. जाड भिंगं, उन्हामुळं चमकलीत. दहा महिने रोज त्या फोटोखाली उदबत्ती लावत होते आणि तो माझ्याकडे बघत होता.

त्याला सगळं माहीत होतं, धाकट्या. कायदा त्याच्याइतका कुणाला माहीत असणार? तो घोषणा देत चालला होता.

मी तुला माफ केलं म्हणून हे पत्र नाही. पण हे सांगायला मला दुसरं कुणी नाही. ह्यांना सांगितलं तर हे म्हणाले, फोटो उतरवून ठेव.

ताई


१९ जानेवारी

ताई,

"मी म्हणत नव्हतो?" असं मी म्हणेन, अशी भीती तुला वाटली असेल तर काढून टाक. मला काही म्हणावंसं वाटत नाही. त्या बाईचा मुलगा गेला. कायदा नसता तरी गेला असता, होता तरी गेला. मी बरोबर होतो म्हणून तिच्या अंगणात सायकल परत येत नाही.

विचारलं नाहीस तरी सांगतो. खात्यानं मला अधीक्षकाच्या जागेवरून काढलं आणि गोदामावर टाकलं, अंथरुणं-पांघरुणं मोजायला. रास्तच आहे. गप्प्याला मात्र हलवलं नाही. तो आता अधूनमधून बोलतो. त्या दिवसाबद्दल नाही. मला बघितलं की अजूनही त्याचं तोंड तसं होतं, मग मी दुसऱ्या वाटेनं जातो.

चष्मेवाल्या मुलाला मोठ्यांच्या तुरुंगात ठेवलं असणार, वेगळ्या कोठडीत. आत अशा पोरांची अवस्था काय होते ते मी बघितलेलं आहे, पण आत्ता तुला सांगत नाही. त्याला भेटावंसं वाटत असेल तर त्याच्या घरच्यांच्या परवानगीनं भेटता येतं. न वाटलं तरी तुला कुणी नावं ठेवणार नाही.

फोटो उतरवू नकोस. किंवा उतरव. मला कळत नाही.

धाकटा


१६ फेब्रुवारी

धाकट्या,

भेटले.

मी जायचं ठरवलं नव्हतं. त्याची आई दुकानात आली. दुपारी, रस्त्यावर कुणी नाही असं बघून. चष्मा पुरावा म्हणून पोलिसांकडे जमा आहे आणि पोराला आत काही दिसत नाही. भिंतीला हात लावून चालतो, जेवताना ताट चाचपतो, त्यावरून इतर टिंगल करतात. दुसऱ्या दोन दुकानदारांनी तिला परत पाठवलं होतं. ती माझ्या नजरेला नजर देत नव्हती, म्हणाली, तुम्हीही नाही म्हणालात तरी मी समजून घेईन. नंबर माझ्याकडे होताच. आत काच चालत नाही, धातू चालत नाही. प्लॅस्टिकची भिंगं, प्लॅस्टिकची काडी. करून दिला असता तिच्याच हातात. पण एवढा जाड नंबर नाकावर नीट बसवून द्यावा लागतो, नाहीतर चक्कर येते. हे मी तिला सांगितलं, आणि स्वतःलाही तेच सांगितलं.

लांबट खोली, मध्ये टेबल, भिंतीला हिरवा रंग अर्ध्यापर्यंत. शिपाई दाराशी खुर्ची टाकून बसला होता. पोराला आणलं. वाळलाय. मी चष्मा लावला, कानामागं बोट घालून काडी बघितली, काढला, वाकवला, परत लावला. त्यानं डोळे मिचकावले आणि पहिल्यांदा नीट बघितलं.

"चष्म्याच्या काकू," म्हणाला.

आईबद्दल विचारलं त्यानं, धाकट्या बहिणीबद्दल विचारलं. शाळेत त्याचं नाव अजून हजेरीत आहे का, असंही विचारलं. मी काय सांगणार, आहे म्हटलं. मग माझ्याच्यानं राहवेना. म्हटलं, तू माझ्या मोर्चात होतास ना? हो म्हणाला. सगळी शाळा होती, उंच मुलांना फलक दिले होते, त्याला सुद्धा दिला. म्हटलं, मोर्चा कशासाठी होता ते माहीत होतं? त्यानं पाठ केल्यासारखं सांगितलं: चौदा पूर्ण झालेल्याला मोठ्यांची शिक्षा. परीक्षेलाही आलं होतं, दोन गुणांना, त्याला दोन्ही मिळाले.

"मग हातात सळई घेतलीस तेव्हा भीती नाही वाटली, आता आपल्यालाही तीच होईल म्हणून?"

तो बराच वेळ विचार करत राहिला. टाळत नव्हता. गणित घातल्यावर हुशार मूल करतं तसा, मनापासून. मग म्हणाला,

"काकू, ते वाईट मुलांसाठी आहे असं वाटलं होतं."

शिपायानं वेळ झाली म्हणून सांगितलं. मी भिंगांवरचे माझ्या बोटांचे ठसे पुसले आणि तो गेला. दारातून जाताना चौकटीला हात न लावता गेला.

तुझ्याकडच्याबद्दल माझं मन बदललं असं समजू नकोस. त्याचं तोंड भीतीनं तसं होतं हे मी तुझ्यावर विश्वास ठेवून मान्य केलं, त्यापलीकडे नाही. तो सुटेल तो दिवस मला नको आहे. पण त्यालाही घरून निघताना असंच वाटलं असेल का, की वाईट मुलं दुसरी, हा विचार आता डोक्यातून जात नाही. कुठल्या पोराला वाटतं आपण वाईट म्हणून? दादूला वाटलं असतं? चिमीला वाटेल?

रविवारी समितीची बैठक आहे. सळई देणारा बाराचा म्हणून सुटला, तेव्हा आता बारा पूर्ण करा, अशी मागणी आहे. मांडणार आहे इस्त्रीवाली. ती कधी चार माणसांत बोललेली नाही, म्हणून दोन दिवस माझ्याकडे येऊन सराव करतेय. अडखळली की मी तिला शब्द देते. मला अध्यक्षाच्या खुर्चीत बसायचंय, तिच्या अगदी शेजारी.

तिचं बोलून झालं की मला उभं राहावं लागेल. तो पोरगा काय म्हणाला ते मी सांगणार आहे. काल आरशापुढं म्हणून बघितलं, जमलं. तिच्या तोंडाकडे बघून जमतं का, ते रविवारी कळेल.

तुझी ताई